कामावरून काढण्याचा सराव

श्रुतिका : पण चंपाबाई, तो खेळ होता! खोटी कंपनी, खोटा तोटा. एकीला कामावरून कमी करायचं, कोणाला आणि का ते आपसात ठरवायचं. निर्णय घ्यायचा सराव!

चंपाबाई : घेतला ना निर्णय. बायजाला काढली.

श्रुतिका : खेळात काढलीत. बचत गटातून नाही.

चंपाबाई : परवापास्नं ती पापडाच्या शेडकडं फिरकली नाय. शेडची चावी आमच्या कडीला अडकवून गेली. आता ती चावी खरी समजू का खोटी, ते सांगा.

श्रुतिका : तुम्ही तिला सांगितलं नाहीत, की हे सगळं लटकं होतं?

चंपाबाई : लटकं कसं, म्याडम? शिबिराच्या आधी दत्ताराम गुरवानं देवाला गाऱ्हानं घातलं. नारळ तुमच्याच हातात व्हता.

श्रुतिका : मला वाटलं, उद्घाटन आहे.

चंपाबाई : तो बोलला, ‘आज हितं जे ठरंल ते तडीस ने.’ सगळ्या बोलल्या, ‘व्हय म्हाराजा.’ तुमी पन बोललात. सगळ्यांत मोठ्यानं.

श्रुतिका : सगळे बोलत होते म्हणून!

चंपाबाई : मंग? देवाला काय सांगू, चहाच्या आधीचं खरं न चहानंतरचं खोटं?

श्रुतिका : एक मिनिट. तो कोपऱ्यातला वर्तमानपत्रांचा मनोरा... परवाच्या मनोरा बांधायच्या खेळातलाच ना? अजून उभा?

चंपाबाई : मोडनार कोन? तो पन हितंच झाला.

श्रुतिका : त्याच्यापुढे दिवा कोणी लावला?

चंपाबाई : ते कुनी विचारलं नाय. तेल घालतं कुनी ना कुनी.

श्रुतिका : म्हणजे तुम्ही सुद्धा अजून...

चंपाबाई : म्यानेजिंग डायरेक्टर. व्हय. आमचे ह्ये खाली पोलादपूरला जायचं झालं तरी रजा मागतात. मी बोलते, विचार करून कळवते.

श्रुतिका : चंपाबाई, मला महाडच्या ऑफिसात अहवाल द्यायचाय. ‘प्रशिक्षणाने गट मजबूत झाला.’ आणि गटातली एक बाईच कमी झाली!

चंपाबाई : तुमीच बोललात ना, कमी करा?

श्रुतिका : बरं. पण बायजाबाईच का?

चंपाबाई : तुमी बोललात, जिला काढाल तिनं घरी जायचं. बायजाची म्हस व्यायला टेकलीवती. तिचं ध्यान सगळं दाराकडं. न तुमचं शिबिर तर दिवस मावळला तरी सुटत नाय. आमी एकमेकींकडं बघितलं न हात वर केले. बोललो, सुटंल बिचारी.

श्रुतिका : आणि हे तिला माहीत आहे?

चंपाबाई : डोळा मारला ना मी तिला.

(बायजा दाराशी येऊन उभी. हातात फडक्यात बांधलेला डबा.)

चंपाबाई : ये गो, आत ये.

बायजा : मी कशाला आत येऊ? मी गटात नाय. म्याडम, एकच विचारते. हा गट कुनी काढला?

श्रुतिका : तुम्ही. सगळ्या तेच सांगतात.

बायजा : घरोघर हिंडले. ह्या चंपीला तर न्हानीतनं हाका मारून आनली. न तीच मला काढून वर डोळा मारते!

चंपाबाई : अगो, तो डोळा...

बायजा : खेळ व्हता, ते मला पन कळतं. पीठ मळते मी, डोकं नाय मळलेलं. पन खेळात तरी एकीनं बोलायचं, बायजा नको. भराभर हात वर! माजा पन वर गेला.

श्रुतिका : तुम्ही स्वतःलाच काढायला हात वर केलात?

बायजा : मला काय ठाव कुनाला काढतात! सगळ्यांचे वर व्हते, मी पन केला.

श्रुतिका : चंपाबाई, सांगा ना तिला, का काढलं ते.

चंपाबाई : काढलेल्या मानसाशी कंपनीचं बोलायचं नाय. तुमीच शिकवलंत.

श्रुतिका : मी... हो. मग परत घ्या तिला! मुलाखत घ्या. आत्ता, इथंच. हाही सरावच.

चंपाबाई : गाऱ्हान्याबिगर?

श्रुतिका : दत्तारामकाका कुठे मिळतील?

बायजा : भायेर नारळ घेऊन उभा हाय. बोलला, लागंल.

श्रुतिका : काका, या आत. घाला. ...व्हय म्हाराजा. ...व्हय म्हाराजा. झालं? करा सुरू, चंपाबाई.

चंपाबाई : नाव काय?

बायजा : तुला ठाव नाय?

चंपाबाई : आधीचं काम का सोडलं?

बायजा : सोडलं नाय. काढली.

चंपाबाई : का काढली?

बायजा : ते तू सांग.

चंपाबाई : तुजी म्हस व्यायची व्हती गो. आमाला वाटलं, जिला काढतील ती सुटंल.

बायजा : मी कुनाला बोलले नव्हते म्हशीचं.

चंपाबाई : बोलायला कशाला लागतं? हितं बसून तू दारच बघत व्हतीस.

श्रुतिका : व्याली का मग?

बायजा : रेडी झाली. मी पोचले न लगेच.

चंपाबाई : बघ. वेळेवर काढली.

श्रुतिका : म्हणजे आता निवड झाली, असं समजू?

चंपाबाई : थांबा म्याडम. उमेदवार, डब्यात काय हाय?

बायजा : खरवस. काल पन केलावता. हितवर आनला न दारातनं परत नेला.

चंपाबाई : थांब, वाट्या काढते.

बायजा : माजी पन काढ.