बबडीचा पत्ता

मी, नाव व पत्ता बंद पाकिटात दिलेली, वय ३१ वर्षे, व्यवसाय सॉफ्टवेअर लिहिणे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी व माझ्या ताईचा नवरा, वय ३८, आम्ही दोघांनी सहा वर्षांपूर्वी मिळून एक लायब्ररी लिहिली. हवालदारांनी लायब्ररीचा पत्ता विचारला. तिला पत्ता नाही. इतर प्रोग्रामर आपल्या कामात जोडून घेतात असा तो तयार कोड आहे. क्रिप्टो चलनाचे व्यवहार ज्या ब्लॉकमध्ये नोंदतात, ते ब्लॉक ती साठवते व नवा मजकूर ब्लॉकसाठी पाठवते. ब्लॉकमध्ये गेलेला मजकूर हजारो कॉम्प्युटरांवर पोचतो व कोणालाही काढता येत नाही. ब्लॉकबद्दलची आपली टिपणे, म्हणजे मेटाडेटा, वेगळ्या कप्प्यात राहतात. तो कप्पा फक्त आपल्या कॉम्प्युटरवर असतो व केव्हाही पुसता येतो.

या कामासाठी तो आमच्या घरी येत असे. ताईशी त्याची ओळख मी करून दिली. हे वाक्य मी मुद्दाम लिहायला सांगितले आहे. लग्नानंतर तो ताईला मारहाण करी. मागील वर्षी ताई दोन बॅगा घेऊन निघाली. तिची नवी खोली आई व मी सोडून कोणाला माहीत नव्हती.

मंगळवारी सकाळी ११ वाजता ताईचा फोन आला. "दाराची कडी ढिली झालीय गं. जिवाला घोर लागून राहतो," असे ती म्हणाली. मी पोलादी कडी मागवली. त्यासाठी तिचा पत्ता टाइप केला. खबरदारी म्हणून खरे नाव न घालता वर 'बबडी' घातले व नावासकट सगळे कॉपी करून दुकानाला पाठवले. ताईचे हे नाव फक्त घरात चालते. आपण फार हुशारी केली, असे मला वाटले.

११.४० वाजता मी लायब्ररीत देवनागरी टिपण किती लांब बसते ते तपासत होते. लांब मजकूर हवा होता, म्हणून कॉपी केलेले तेच चिकटवले. यादीत दोन फंक्शने एकाखाली एक येतात. टिपणाचे निवडायचे ते ब्लॉकचे निवडले. कॉम्प्युटर खऱ्या नेटवर्कला जोडलेला होता. चाचणी अशी कधी करू नये, हे मी इतरांना शिकवते.

दहा मिनिटांनी लक्षात आले. ताईला सांगितले नाही. एवढ्या पसाऱ्यात कोण बघतंय, असे मी चार दिवस स्वतःला समजावत होते.

लायब्ररीतील शोधाची सोय त्याने लिहिली आहे. एखादा शब्द देऊन ठेवला की तो कुठल्याही ब्लॉकमध्ये येताच निरोप मिळतो. मी चाचणीला घरातलेच शब्द वापरते, ही माझी खोड त्याला माहीत होती. त्याने 'बबडी' हा शब्द देऊन ठेवला असणार.

शनिवारी दुपारी ३.२० वाजता ताईच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. ३.५० ला पोचले. दार सताड उघडे होते. नवी कडी टेबलावर खोक्यातच होती, सुतार रविवारी येणार होता. ताई मोरीपाशी बसली होती. उजवा हात मनगटातून वाकडा झाला होता.

ताई म्हणाली, "तो म्हणाला, तुझ्या बहिणीनंच पत्ता दिला. मी म्हटलं, तिच्याबद्दल एक शब्द बोलू नकोस, खोटारड्या. तेव्हा त्यानं हात पिरगळला."

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

तो फरार आहे. हवालदार म्हणाले, "एवढं शिकून एक ओळ पुसता येत नाही?" नाही. मला नाही व कोणालाच नाही.

तो खोटे बोलला, असे ताई अजून धरून आहे. माझ्याने तोंडाने सांगवत नाही. हा जबाब तिला दाखवावा, ही विनंती.

दवाखान्यातून ताई कुठे जाणार ते मी बोलण्याच्या ओघात सांगितले व ते जबाबात लिहिले गेले. वाचून दाखवताना माझ्या ध्यानात आले. हवालदारांनी त्यावर रेघ मारली. रेघेखालचे वाचता येत होते. मला रडू आवरेना. तेव्हा त्यांनी सर्व पाने माझ्या हातात दिली व मी ती फाडली.

वरील जबाब पहिल्यापासून पुन्हा लिहून मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे. ताईचा पत्ता यात कुठेही नाही.