चले जाव

जमनाबाई – मी तुले तवयच सांगेल व्हतं, स्वप्नाली. एकच पोरले रोज इंग्रज बनाडशात, त बाकीना पोरे तिले इंग्रजच समजतीन.

स्वप्नाली – आणि मी हसले, आई. म्हटलं, धडा पाठ करून विसरण्यापेक्षा नाटक करून लक्षात राहिलेलं बरं. बेचाळीसची मिरवणूक, आपल्याच नंदुरबारची! शाळेच्या फाटकावरून मोबाईलमध्ये शूटिंग काढलं मी.

जमनाबाई – साहेबनी टोपी बी तूच शिवीसन दिधी. प्रिस्किलाना मापनी.

रुपा – आई, प्रिस्किला आजपण नाही आली. सर विचारत होते, आता इंग्रज कोण होणार?

स्वप्नाली – दप्तर ठेव, इथे बस. शुक्रवारी शाळा सुटल्यावर काय केलंत तुम्ही?

रुपा – नाटकच. थोडं राहिलं होतं. झेंडा घेऊन तिच्यामागे गेलो, ‘चले जाव’ म्हणत. एसटी स्टँडपर्यंत.

जमनाबाई – रडनी का ती?

रुपा – आधी नाही. टोपी काढून म्हणाली, ‘आता मी प्रिस्किला आहे.’ तर भाग्येश म्हणाला, इंग्रज असेच फसवतात. तू चर्चला जातेस, तुझा देव साहेबाचाच. मग रडली.

स्वप्नाली – आणि तू?

रुपा – माझ्या हातात झेंडा होता ना.

स्वप्नाली – अगं, ती आपलीच आहे! नवापूरकडची. तिच्या पणजोबांनी इंग्रजांच्या काळात वेठ केली असेल, मार खाल्ला असेल...

रुपा – मग सरांनी तिला एकदापण आपल्यात का नाही घेतलं?

जमनाबाई – दे जबाब. शिकेल शे ना तू?

स्वप्नाली – सरांना फोन केला मी. म्हणाले, मुलं आहेत मॅडम, विसरतील.

जमनाबाई – वा रे मास्तर! इतिहास ध्यानमा ठेवाना, आनि हाई इसरी जावानं?

स्वप्नाली – तिच्या मावशीच्या खोलीला कुलूप आहे. फोन बंद. घरमालकीण रुक्मिणीबाई म्हणाल्या, सामान घेऊन गावाला गेल्या दोघी. कुठल्या गावाला, तेही त्यांना सांगता येईना.

रुपा – म्हणजे ती खरंच गेली? आई... आपण जिंकलो?

(जमनाबाई रुपाला जवळ ओढते.)

स्वप्नाली – हे वाचणारं कुणी नवापूरकडचं असेल, तर एवढं करा. चौथीतली प्रिस्किला, मावशीबरोबर आमच्या शहाद्याहून तिकडे आलेली असेल. शाळेत जाते का, बघा. फाटकावरून नका बघू, वर्गात जा. बाहेरून सगळं छानच दिसतं.