हाक्यातला वाटा

आदरणीय अध्यक्ष हेरंबराव, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती लवूभाऊ घाडी आणि मघापासून चहाच्या किटलीवर लक्ष ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो,

लवूभाऊंच्या नम्रतेबद्दल आताच बरंच बोललं गेलं. हे कोणते लवूभाऊ, मला ठाऊक नाही. मी आपल्या लालबागच्या शेतराखण संघाचे अर्ज लिहिते. माझ्या अर्जातला 'कृपया' खोडणारे चिटणीस मला माहीत आहेत.

त्या वर्षी आपण सगळे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी घसे फोडत होतो. लवूभाऊंचं म्हणणं एवढंच, "राज्य कोणाचाय येवंदे, डुकर भातात येतलाच." तेव्हाच विधेयकाचा मसुदा आला: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रानडुकराची शिकार बंद. भात लोंबीला येतं आश्विनात. म्हणजे ऐन पिकात शेतकऱ्याने बंदूक खुंटीला टांगायची. लवूभाऊंचं दीड एकर भात गावी एकट्या कौसल्यावहिनींच्या हवाली. ते गेलं तर वर्षाचं जेवण गेलं.

आम्ही विधेयकाच्या समितीपुढे गेलो. समितीचे अध्यक्ष माळकरी. त्यांनी विचारलं, "मुक्या जिवाला मारायचं कशाला?"

लवूभाऊ म्हणाले, "साहेबानू, तुमी भात जेवतास मा? डुकर पण ताच जेवता, तुमच्या आदी."

मी पदर तोंडाला लावला. पण शेतराखणीपुरती सूट समितीने मान्य केली. उरलं होतं सभागृहातलं मतदान.

इथे आमच्या चिटणीसांनी पराक्रम केला. कोकणात हाका घालतात, डबे बडवून रान उठवतात. त्यात जो उभा राहिला त्याला शिकारीतला वाटा चुकत नाही. लवूभाऊंनी हिशेब केला: समितीचे नऊ जण आपल्या बाजूने उभे राहिले. मग गावाहून बोटीने मीठ-हळद लावलेले डुकराच्या मटणाचे नऊ वाटे आले आणि घरोघर पोचले. माळकऱ्यांच्या प्रभादेवीच्या घरीही. त्यांच्या पत्नीला वाटलं, प्रसाद आहे. पुडी देवापुढे ठेवली गेली.

हसू नका. मतदान दुसऱ्या दिवशी होतं, आणि क्षमा मागायला संघाने मला माळकऱ्यांकडे पाठवलं होतं.

गृहस्थ ओल्या पंच्यात, देव धुऊन नुकतेच उठलेले. "बाई, ही लाच का?"

म्हटलं, "लाच देणारा पेढे आणतो. हा वाटा आहे. गावात बाळंतिणीलाही घरपोच जातो. न देणं हा अपमान."

"म्हणजे मी हाक्यात होतो?"

"होतात."

त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ सारखी केली. मग म्हणाले, "माझ्या नावचा वाटा इथून पुढे बाळंतिणीला द्या. आणि तुमच्या चिटणीसांना सांगा, पुन्हा या घराची पायरी चढू नका."

दुसऱ्या दिवशी सूट मंजूर झाली. लवूभाऊंनी प्रेक्षकांच्या सज्जातून हाक्याची आरोळी ठोकली आणि शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. संघाच्या इतिवृत्तात मी 'चिटणीस सभागृहातून लवकर निघाले' असं लिहिलं आहे.

तरी गेल्या आश्विनात डुकरांनी कौसल्यावहिनींचं अर्धं शेत खाल्लं. का? कायद्याची परवानगी होती, घरात बंदूक होती, पण ती उचलायला वाडीत माणूस नव्हता. सगळी वाडी इथे गिरणीत, आणि आत्ता या सभागृहात बसली आहे. म्हणून लवूभाऊ गिरणीतलं साच्यावरचं काम सोडून परवाच्या बोटीने गावी निघणार आहेत. कायदा आपण सर्वांनी मिळून मिळवला. राखणीला एकटे तेच चालले आहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर पोटात घाला. वाडीच्या मंडळींना टोचलं असेल, तर मात्र तसंच राहू द्या.