सिग्नलवर गाडी बंद करायची नाही

मी नागपूरची, तिथल्या इंदोरा वस्तीतली, वंदना माझं नाव. वडील कारखान्यात फिटर होते, आई घरी शिवणकाम करायची, आम्ही चार बहिणी, आणि उन्हाळा म्हणाल तं बाप्पा, डांबर चपलीला चिकटायचं, तरी भर दुपारी आम्ही डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून सायकलवर क्लासला जायचो. म्हणून इथं टेक्सासला आली आणि लोक म्हणाले, वहिनी, इथलं ऊन सांभाळा, तं मला हसू आलं. आम्हा नागपूरवाल्यांना उन्हाचं काय सांगता. आता नाही हसत मी.

लग्नात यांच्याकडे एक मोटरसायकल होती. माझे सासरे ऑटो चालवायचे, जय भीम म्हटल्याशिवाय गाडीला हात लावायचे नाहीत, आणि त्यांचा एक नियम होता, सिग्नल लागला की इंजिन बंद. पेट्रोल वाचते आणि इंजिनालाही जरा दम खाता येतो, असं म्हणायचे. हे पण तसंच करायचे. म्हणजे त्यात काही विशेष नाही, नागपुरात सगळेच करतात. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, आमची पोरगी प्रज्ञा पुढे टाकीवर, सिग्नल सुटला की हे किक मारायचे आणि चाललो आम्ही. नाही लागली गाडी तं पानठेल्यावरचे दोघं-तिघं येऊन धक्का मारून द्यायचे. गाडी बंद पडणं ही भ्यायची गोष्ट असते हे मला माहीतच नव्हतं.

मग आम्ही इथं डलासजवळ फ्रिस्कोला आलो. यांना डेटा सेंटरमध्ये काम लागलं, काम काय, तं मशिनी थंड ठेवायचं. मी शाळेच्या कॅफेटेरियात लागली, अजून तिथंच आहे, पोरं मला मिस वॅन म्हणतात, म्हणू द्या. प्रज्ञा कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि यांनी मोटरसायकल आणली, सेकंडहँड, पण म्हशीएवढी. प्रज्ञा फोनवर म्हणाली, बाबा, आर यू सीरियस. हे सीरियस होते. मी म्हणली, मग मी पण मागे बसीन. प्रेमानं नाही हो, भीतीनं. हे एकटे गेले आणि फोन नाही उचलला तं मी घरी बसून काय करायचं, त्यापेक्षा मागे बसलेली बरी.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसाचं. डलासला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो, दुपारचे परत येऊन राहिलो होतो, ऊन असं की हेल्मेटमध्ये डोळ्यांत घाम उतरत होता. हायवेवर पुढे कुठंतरी ॲक्सिडेंट झाला होता, सगळं ट्रॅफिक ठप्प, आणि आम्ही मधल्या लेनमध्ये. खाली ते इंजिन, पँटीतून मांड्या भाजत होत्या, तव्यावर बसल्यासारखं. हे म्हणाले, फार गरम होऊन राहिलं, जरा बंद करतो. आणि केलं बंद. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, आयुष्यभर तेच तं पाहिलं होतं.

पुढचं ट्रॅफिक सुटलं. यांनी बटन दाबलं, टिक झालं. परत दाबलं, टिक. आणि मग यांनी पाय उचलला, किक मारायला. इतकी वर्षं झाली अमेरिकेत, तरी पाय उचलला, आणि त्या गाडीला किकच नाही. तो पाय तसाच हवेत राहिला ते मी पाहिलं, आणि तिथं मला खरी भीती वाटली, कारण मला समजलं की यांना आता काहीच सुचून नाही राहिलं.

मागचे हॉर्न मारत होते, मग दोन्ही बाजूंनी निघायला लागले, आणि पुढे रस्ता मोकळा म्हणून वेग घ्यायला लागले. ट्रक गेला की त्याच्या हवेनं गाडी हलायची. मी उतरून धक्का मारला, ती काय हलते. कडेला जायला दोन लेन ओलांडायच्या आणि मधून गाड्या सुसाट. हे ओरडले, तू पळ, कडेला जा. मी म्हणली, तुम्ही पण चला. तं म्हणाले, गाडी सोडून कसा येऊ. आग लागो त्या गाडीला, मी म्हणली, आणि दोन्ही हातांनी यांचं जॅकेट धरून ठेवलं. मला वाटलं, आता प्रज्ञाला फोन जाईल. दुसरं काही मनात नव्हतं, फक्त पोरीला जाणारा फोन.

तेवढ्यात आमच्या मागे एक पांढरी मिनीव्हॅन येऊन थांबली, चारही इंडिकेटर लावून. आत एक बाई होती, तिच्यामागे लेकरांची खुर्ची दिसत होती, लेकरू होतं की नाही ते दिसलं नाही. तिनं हात वर केला, पंजा आमच्याकडे करून. मला वाटलं, ती म्हणून राहिली, थांब, भिऊ नको, मी आहे. किती वेळ ती तिथं उभी होती मला नाही सांगता येत. पोलीस आले, त्यांनी लेन अडवली, गाडी ढकलत कडेला नेली, मी वळून पाहिलं तं ती गेलेली. गाडी तिथं थंड झाली आणि एका बटनाला लागली, जसं काही झालंच नाही. नंतर मेकॅनिक म्हणाला, एवढं तापलेलं इंजिन बंद केलं तं लवकर लागत नाही, बॅटरीही कमजोर होती, तापलंच तं आधी कडेला निघायचं.

तेव्हापासून कॅफेटेरियात ओव्हन टिकटिक करते नं, तं माझा हात थांबते.

आता ह्या उन्हाळ्यात काय झालं, मी कामावरून माझ्या कारनं घरी येत होती, आणि पुढे मधल्या लेनमध्ये एक म्हातारे काका, जुनी गाडी, बोनेटमधून वाफा. मी काही ठरवलं नाही, पाय आपोआप ब्रेकवर गेला, इंडिकेटर लावले आणि त्यांच्यामागे उभी राहिली. काका वळून माझ्याकडे पाहत होते, मी हात वर केला. पण मी त्यांच्याकडे पाहतच नव्हती हो. मी आरशात पाहत होती. आरशात एक ट्रक मोठा मोठा होत येत होता, मी ब्रेक गच्च दाबून धरला, आणि शेवटी तो बाजूनं निघून गेला. तेव्हा मला समजलं. ती बाईही आमच्याकडे पाहत नव्हती, ती पूर्ण वेळ आरशात पाहत होती. तिलाही माझ्याएवढीच भीती वाटत असेल, आणि मी इतके दिवस समजत होती की ती मला धीर देऊन राहिली.

गाडी अजून आहे, हे विकत नाहीत, मीही म्हणायचं सोडलं. हे निघाले की मी मागे बसते, आणि सिग्नल आला की पाठीवर दोन बोटं ठोकते, बंद नका करू. हो बाई, म्हणतात. आणि त्या बाईचं म्हणाल तं, ती मला आता कुठं भेटणार. भेटली असती तं एवढंच विचारलं असतं, मागच्या खुर्चीत तुझं लेकरू होतं का गं. असेल तं ते सुखी राहो, मोठं होवो, आणि मोटरसायकल न घेवो.