एकाच नळीच्या गोळ्या

मोंटानातल्या त्या टायरच्या दुकानात दर नोव्हेंबरला येणारा म्हातारा अर्लो रिकामा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. शेजारी एक परगावचं गिऱ्हाईक. गल्ल्यावरच्या डार्लाला सगळं ऐकू येत होतं.

"डबा कशाला, काका?"

"चाकं समतोल फिरावीत म्हणून लावतात ती जुनी शिशाची वजनं न्यायला. ती वितळवून लेकाच्या रायफलीच्या गोळ्या घरीच ओततो मी."

"विकत मिळतात की!"

"त्या हिला चालत नाहीत. माझ्या बापाची रायफल, मी लेकाला दिलेली, नळी झिजलेली. बाजारची गोळी आत सैल बसते. म्हणून ओतलेली एकेक गोळी तिच्या मापाच्या कड्यातून दाबून काढायची. दुसऱ्या बंदुकीला तिचा उपयोग नाही."

"माझीही तसलीच आहे मेली! दहा पावलांवरचं झाड चुकवते. दस्ता फुटलेला, वर पितळेची पट्टी."

"पट्टीला तीन स्क्रू?"

"तीन. एक वाकडा. तुम्हाला कसं ठाऊक?"

"तो मीच वाकडा पिळला. कुणाकडून घेतलीस?"

"बिलिंग्जच्या डेल नावाच्या माणसाकडून. दोन वर्षं झाली."

अर्लोने उठून डबा गल्ल्यावर ठेवला.

"गेल्या नाताळला दोनशे गोळ्या नेल्या डेलने. म्हणाला, बाबा, एका गोळीत हरीण पाडलं."

"काका... मग यंदाच्या मला द्या. रायफल तर माझ्याकडेच आहे."

"तुला कशा देऊ? लेकासाठी करतो मी त्या. डार्ला, डबा काठोकाठ भर. नाताळ आलाच."