खाली मान

कल्याण स्टेशनात मुंबईच्या गाडीची वाट बघत डॉक्टरी शिकणारे दोघे बाकावर बसले होते. ते हळू आवाजात बोलत होते, पण पलीकडे बसलेल्या सखुबाईचे कान त्यांच्याकडेच लागले होते.

“त्र्यंबक, मुडदा फाडताना सुरी चुकली म्हणून प्रोफेसरांनी माझ्या तोंडावर मारलं. कॉलेजच्या मोठ्या साहेबांपुढे एवढंच सांग.”

“मी काही पाहिलं नाही रे, धोंडो.”

“शेजारीच तर होतास.”

“मान खाली घातली होती.”

“मग माझा दात खाली पडला, तो दिसला असेल.”

“दिसला.”

“मी रांगत शोधला, सगळी पोरं हसली. कुठं गेला मग?”

त्र्यंबकनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

“त्याच्यावर पाय ठेवून मीच उभा होतो.”

सखुबाईची नजर त्याच्या जोड्यांवर गेली.