वरवंटा घेऊन डिंडोलीला

...नाही, पण मला एक सांगा, भर दुपारी, लालभडक डोळ्यांचा, शर्टावर हिरवे डाग पडलेला आणि मांडीवर काळ्या दगडाचा वरवंटा धरून रिक्षात बसलेला माणूस तुम्हाला दिसला, तर तो कुणाचा तरी खून करायला चाललाय असंच वाटेल ना? वाटणारच! अख्ख्या उधना रोडला तसं वाटलं. आणि मी कोण? तर महापालिकेच्या मराठी शाळेतला मास्तर. सव्वीस वर्षं नोकरी झाली, हातात छडी नाही. पोरं बाकाखालून मांजराचा आवाज काढतात आणि मी खिडकीकडे बघून म्हणतो, मांजर आलं वाटतं. तुम्हाला सांगतो, मी अहिंसक माणूस!

सुरुवात केली आमच्या प्राजक्ताने. माझी मुलगी, नाशिकला दिलीय. चैत्रात आठ दिवसांसाठी म्हणून आली, ती ओढणी कमरेला खोचूनच घरात शिरली. "बाबा, आई जाऊन आठ महिने झाले. हे घर आहे की गोदाम? प्लेगनंतर सगळं सुरत साफ झालं, तुमचं घर तेवढं राहिलंय!" आता प्लेगनंतरची सफाई आम्ही डोळ्यांनी पाहिलीय हो. बुलडोझर यायचा, लोकांचे ओटे, पायऱ्या, पत्रे कडाकडा मोडून पुढे जायचा, आणि मागून फिनेल. तीच पद्धत! तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, वर्षभर वापरली नाही ती वस्तू घरात ठेवायची नाही. मग काय, कत्तल! हॉर्लिक्सच्या एकोणीस बाटल्या, धडाधड. माझा ट्रान्झिस्टर, त्याचा कान पिरगाळला, बोलला नाही, फेकला. पिशव्यांची पिशवी असते ना प्रत्येकाच्या घरी, सगळ्या पिशव्या पोटात घेऊन दारामागे लटकलेली? ती मी एका टोकाला धरली, तिने दुसऱ्या. "सोडा बाबा!" "तू सोड!" "मी नाही सोडणार!" तिने सोडली. मी पाठीवर पडलो तो थेट लोणच्याच्या बरणीवर. बरणी फुटली, मी फुटलो नाही, पण दोन दिवस माझ्या पाठीला कैरीचा वास येत होता. तरी मी एक शब्द बोललो का? अहिंसक माणूस!

वर तिने माझ्यासाठी मिक्सर आणलेला. "बाबा, बटण दाबायचं, पाच सेकंदांत ठेचा. आईचे हात कसे दुखायचे, आठवतं ना?" आठवतं. मान्य. ती भाजीला गेली, आणि मी शाळेतून आलेलो, भूक लागलेली, म्हटलं आपणच करून बघू. हिरव्या मिरच्या घातल्या, लसूण, मीठ, दाणे. बटणावर लिहिलेलं, एक, दोन, तीन. मी मास्तर माणूस, तीनलाच जास्त मार्क, तीन दाबलं... आणि तुम्हाला सांगतो, झाकणाला धरायचं असतं हे कुणी मला सांगितलं होतं का? कुणी सांगितलं होतं? झाकण छताला! मिरच्या छताला, भिंतीला, कॅलेंडरवरच्या अंबामातेला, आणि उरलेल्या सगळ्या माझ्या दोन डोळ्यांत! मी ओरडतोय, ते यंत्र माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतंय, बटण सापडेना, वायर सापडली ती ओढली, तर वायरीबरोबर यंत्रच अंगावर आलं. पायावर एक फटका, गुडघ्यावर दुसरा. मीही त्याला लाथ मारली. हो, मारली! यंत्राला मारलेलं हिंसेत धरत नाहीत.

आणि तसाच आंधळा मी ओट्याखाली हात घातला, पाट्यासाठी. म्हटलं, मरू दे ते यंत्र, आपला पाटा बरा. हात फिरवतोय, फिरवतोय... वरवंटा लागला. पाटा नाही!

तेवढ्यात प्राजक्ता आली. "पाटा? सकाळी शोभाबाईंना दिला की! तुम्ही कुठे वापरत होतात? दोन्ही एकदम उचलेनात त्यांना, वरवंटा उद्या नेतील."

वापरत नव्हतो! आता हिला कसं सांगू? आमची सुनंदा डावखुरी. पंचवीस वर्षं एकाच बाजूने जोर देऊन वाटायची, त्यामुळे पाटा डावीकडे असा गुळगुळीत झालेला, की हात ठेवला तर नदीतल्या गोट्यासारखा गार लागायचा. रोज शाळेतून आलो की चहाला आधण येईपर्यंत मी तिथे हात ठेवून बसायचो. बस, एवढंच. याला वापर म्हणतात का? प्राजक्ताच्या मासिकात नव्हता हा वापर. फोटोत ती सगळ्यांसारखीच दिसते हो. तिच्या हातची खूण घरात म्हणाल तर ती एक.

मी निघालो, शोभाबाईंच्या घरी, डिंडोलीला. वरवंटा हातात होता, तो तसाच, आणि जिना उतरलो. "बाबा, चप्पल!" कसली चप्पल नि कसलं काय!

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतोय. "काका, डिंडोली झगडो करवा जाव छो के चटणी वाटवा?" मी म्हटलं, गाडी चलाव. त्याने जी चालवली! बाहेर काय, वसंत. कडुनिंबाचा मोहर रिक्षात उडून येतोय, माझ्या डोक्यावर पडतोय, कुठेतरी कोकिळा कुहू कुहू... तिला काय जातंय? पाडव्याला ह्याच मोहराची चटणी व्हायची त्या पाट्यावर. यंदा झाली नाही. मला त्या कोकिळेवरही वरवंटा फेकावासा वाटला. मला! अहिंसक माणसाला!

शोभाबाई म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षं धुणीभांडी करणाऱ्या. अमळनेरकडच्या. नवरा लोटू, लूमच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, रातपाळी करतो. आता रातपाळीचा माणूस दुपारी काय करणार? झोपणार. दारातच खाटेवर झोपलेला. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, मी ठेचकाळलो तो खाटेवर, म्हणजे त्याच्यावर! त्याने डोळे उघडले तर छातीवर लाल डोळ्यांचा माणूस आणि नाकासमोर वरवंटा! "कोन शे रे? शोभाऽऽ! येडा घुसना वं घरम्हा!" आणि धरली माझी कंबर. असा आवळला, असा आवळला, की मला माझ्या सगळ्या बरगड्या मोजता आल्या. मी म्हणतोय, "अहो मी मास्तर!" तो म्हणतोय, "मास्तर काय, कोनी बी आसो!" शेजारचा भिकन धावत आला, त्याने कुणाला मारायचं हे न विचारताच मारायला घेतलं, त्यातल्या दोन लोटूला बसल्या, लोटूने त्याला एक दिली, मटका फुटला, आम्ही तिघेही चिखलात, आणि माझ्या हातातून वरवंटा सुटला तो कुणाच्या पायावर? माझ्याच! एवढ्या युद्धात हाड मोडलं ते एकच, माझा अंगठा! आणि ह्या सगळ्या धुमश्चक्रीत पलीकडे कुठेतरी टक, टक, टक, टक चाललेलं. मला वाटलं, माझंच डोकं.

शोभाबाई लाटणं घेऊन आल्या. विचारलं नाही, तिघांनाही सारखं वाटलं. मग मला ओळखलं. "व माय! मास्तर! डोया कितला लाल व्हयनात! काय व्हयनं?"

"पाटा," मी म्हटलं. "माझा पाटा द्या."

"त्याम्हा काय? तयारच शे," त्या म्हणाल्या, आणि मला धरून मागच्या दारी नेलं.

निंबाखाली टाकीवाली बसलेली, गुळगुळीत झालेला पाटा ठोकून पुन्हा खरखरीत करून देणारी. छिन्नी, हातोडी. पाट्याला टाकी लावून नुकतीच फुंकर मारत होती. सगळा पाटा वरपासून खालपर्यंत पांढरा, खरखरीत, नवा! डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे सारखे टोचे.

"सुनंदाताई तीन वरीस सांगत होती, टाकी लावा, वाटनं नीट व्हत नही. मास्तरले टाइमच नही!" शोभाबाई पदराने माझा अंगठा बांधत बोलत होत्या. "तुमनी पोर त्याले भंगारम्हा टाकत होती. मी मनम्हा म्हटलं, मना घर लई जास, टाकी लावीसन उद्या परत लई येसू. वरवंटाले बी टाकी लावनी व्हती, तो घेवाले तं उद्या येनारच होतू."

आता बोला! कुणाला मारू? ही बाई अर्धा मण दगड डोक्यावर घेऊन उन्हात दोन मैल चालली, माझ्यासाठी. तीन वर्षं बायको सांगत होती ते कुणी ऐकलं नाही? मी! "अहो, टाकीवाली ओरडतेय खाली, हाक मारा ना." आणि मी वर्तमानपत्रात. मी हात ठेवला पाट्यावर. टोचला.

"कसं व्हयनं?" शोभाबाईंनी विचारलं.

"छान झालंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्या ऐकेनात. "जेवीसन जा." लोटूने मला पाट दिला, स्वतः मातीत बसला, सुजलेल्या नाकाने माफी मागत. त्याच पाट्यावर, माझ्याच वरवंट्याने, चार मिरच्या, लसूण, सर्रकन ठेचा. उजव्या हाताने. वर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकन वाजलं. दगडाची कच!

"थुका मास्तर, थुका!" शोभाबाई ओरडल्या. "भूल पडनी मले! टाकी लावली की पहिलं वाटन फेकनं पडस!"

फेकायचं? आता तुम्हीच सांगा, आमच्या घरातून ह्या आठवड्यात काय कमी फेकलं गेलंय?... गिळलं झालं.